पहिला फोटो देवाचा

ती घटना आजही आठवली की आधी मला स्वतःचाच राग येतो आणि मग त्या बाईचं धारिष्ट आठवून तो निवळतो. माझी सारी नोकरी सुरतेत गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं, की डोळ्यांपुढे येतो तो एक सेकंडहँड मोबाइल.

मी तेव्हा शहराच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत बसलो होतो. एक चाळिशीची बाई आत आली. कोसाडच्या वसाहतीत राहणारी, नवरा लूमवर कापड विणणारा कारागीर, आणि ती स्वतः कतारगामच्या एका सोसायटीत चार घरी स्वयंपाक करणारी. तिने टेबलावर फोन ठेवला, शेजारी त्याचा खोका, त्यावर बिल. तीन दिवसांपासून फोनला नेटवर्क नव्हतं. सिमकार्ड बदलून पाहिलं तरी तेच. मोबाइल कंपनीच्या दुकानात तिला सांगितलं गेलं, की हा हँडसेट सगळ्याच कंपन्यांनी ब्लॉक केलाय, पोलिसांकडे जा. म्हणून ती आली होती.

प्रत्येक फोनला स्वतःचा पंधरा आकडी नंबर असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. फोन चोरीला गेला की फिर्यादीवरून सरकारी पोर्टलवर तो नंबर बंद करतात. मग त्यात कुठलंही सिम घाला, काही उपयोग नाही. ठाण्यातल्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या रायटर हवालदाराने नंबर तपासला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. फोन चोरीचा होता. फिर्यादी होते एक निवृत्त शिक्षक. फोन गेला होता कतारगामच्या त्याच सोसायटीच्या गेटाजवळच्या बाकावरून, जिथे ही बाई रोज पोळ्या लाटायला जात होती. त्याहून वाईट म्हणजे बिलावर आणि खोक्यावर जो नंबर होता, तो या फोनचा नव्हताच.

“बाई, बिल एका फोनचं आणि हातात फोन दुसराच. हे कसं?” मी विचारलं.

“साहेब, मी एकच फोन लिधा. दुकानदारनी जो दिधा तोच हाऊ शे.”

माझी आई नंदुरबारकडची, त्यामुळे अहिराणी माझ्या कानाला परकी नाही. पण त्या दिवशी मी ती कानानेच ऐकली, मनाने नाही. चोर स्वतःच्या पायांनी ठाण्यात येत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण साळसूदपणे येणारेही मी पाहिले होते, आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फोन पंचनामा करून ताब्यात घेतला, पाकिटात घालून सील केला, मुद्देमाल खोलीत पाठवला. आणि दुपारी जीप काढून थेट त्या सोसायटीत गेलो.

तिथे मी काही वावगं बोललो नाही. चार घरी विचारलं, बाई कशी आहे, कधीपासून येते, घरातून काही गेलंय का. एवढंच. पण पोलिसांची गाडी भरदुपारी गेटाच्या आत उभी होती आणि प्रत्येक गॅलरीत माणसं होती. संध्याकाळच्या आत दोन घरांनी तिला निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याबाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. हवालदार हाकलायला गेला तर हलेना. शेवटी मीच बाहेर आलो.

“माले कोठडीमा टाका,” ती म्हणाली, “नही ते लिखी द्या की मी चोर नही शे. फोन गया तं गया. मन्ही इज्जत जाई राहिनी, साहेब. चोर म्हनीसन कोन घरमा लेई माले?”

रडली नाही. विनवणी केली नाही. हक्काने मागत होती. मी ठरवलं, की ही चोर असेल तर अटक करीन, नसेल तर जो चोर आहे त्याला हिच्यासमोर उभा करीन. अधांतरी सोडणार नाही.

बिलावरचं जुन्या मोबाइलचं दुकान कामरेजच्या बाजूला होतं. दुकानदाराला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात पिवळ्या खड्याची अंगठी, बोलणं एकदम मिठ्ठास. त्याने बिल नाकारलं नाही, हीच त्याची हुशारी.

“साहेब, बिल मारुं ज छे,” तो म्हणाला. “पण बिलमां जे नंबर छे, ए फोन में आप्यो. आ बीजो फोन बेन क्यांथी लाव्यां, मने शुं खबर?”

म्हणजे बिल माझं, त्यातल्या नंबराचा फोनही मीच दिला, पण हा फोन माझा नाही. बोलण्यात फट नव्हती. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच उत्तर. आणि तिथेच मला वास आला. इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा पाठ केल्यासारखं तेच सांगतो. खरं बोलणारा दर वेळी काहीतरी विसरतो आणि काहीतरी नवीन आठवून सांगतो.

म्हणून बाईला समोर बसवलं, चहा मागवला आणि खरेदीचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. एकदा सांगितला, दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना ती सहज म्हणाली, “त्यानी खोकामाईन फोन काढा, माले दिधा. मंग मी पयले देवना फोटू काढा.”

“कुठल्या देवाचा?”

“दुकानमा व्हता ना, त्या माताजीना.”

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरी नवा फोन आला तेव्हा बायकोनेही पहिला फोटो देवघराचाच काढला होता. आपल्याकडे नव्या वस्तूला आधी देव दाखवतात. हे सगळं माहीत असून आम्ही चौघे पोलीस तो फोन पाकिटात सील करून मोकळे झालो होतो. ब्लॉक झाला म्हणजे मेला, अशीच सगळ्यांची समजूत. वास्तविक जातं ते फक्त नेटवर्क. आतलं सगळं जागच्या जागी असतं.

पंचांना पुन्हा बोलावलं, त्यांच्यासमोर सील फोडलं, फोन चार्जिंगला लावला. गॅलरीतला सर्वांत पहिला फोटो उघडला. दिव्यांची माळ घातलेली माताजी. खाली दुकानाचं काउंटर. काउंटरवर तोच खोका, उघडा. आणि खोक्यातून चार्जर काढणारा एक हात, बोटात पिवळ्या खड्याची अंगठी. तारीख बिलाचीच.

वकिलाने कोर्टात याला भोकं पाडली असती, मला ठाऊक होतं. पण दुकानदारासमोर फोन ठेवला तेव्हा त्याने आधी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे, आणि हात हळूच टेबलाखाली घेतला. पुढे फार विचारावं लागलं नाही. भंगारवाल्याकडून रिकामे खोके घ्यायचे, दुचाकीवरून फोन उचलणाऱ्या दोघांकडून माल घ्यायचा, आणि त्याच मॉडेलच्या खोक्यात घालून खोक्याच्या नंबराचं बिल द्यायचं. झडतीत माळ्यावर रिकाम्या खोक्यांची चळत मिळाली. दोघेही उचलले गेले. सोसायटीच्या बाकावरचा फोनही त्यांचीच करामत; तो फिरून याच बाईच्या हाती आला, हा निव्वळ योगायोग. जुना फोन घेताना फोनमधला नंबर खोक्याशी आणि बिलाशी जुळवा, पोर्टलवर तपासा आणि मगच बाहेर पडा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

फोन कोर्टाच्या आदेशाने शिक्षकांना परत गेला. बाईला मी म्हणालो, “सुटलात तुम्ही. आरोपपत्रात तुमचं नाव साक्षीदार म्हणून आहे.”

“ते कोन वाची?” ती म्हणाली. “चौकशीले जशी गाडी लई गयतात, तशीच आते चला. दुपारना. गेटना मझार.”

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. लाज वाटली.

“चला ताई,” मी म्हणालो, “पुढच्या सीटवर बसा.”

भरदुपारी जीप गेटाच्या आत उभी केली. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. चारही घरांची दारं मी स्वतः वाजवली आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या बाईंनी चोरी केलेली नाही, उलट चोर पकडून दिलाय. निवृत्त शिक्षकांनी सगळ्यांसमोर हात जोडले. सोडलेल्या दोन घरांपैकी एकाने तिला परत बोलावलं. दुसऱ्याने नाही. तिथे नवी बाई ठेवून झाली होती.

ते एक घर माझ्या चौकशीने गेलं, दुकानदाराच्या खोटेपणाने नाही. ते मी विसरलो नाही. त्यानंतर ज्याच्या दारात चौकशीला गेलो आणि माणूस स्वच्छ निघाला, त्याच्या दारात मी दुसऱ्यांदा गेलो. त्याच गाडीने, त्याच वेळेला. स्टेशन डायरीत या दुसऱ्या फेरीसाठी रकाना नसतो. मी ती समासात लिहीत असे.