आडवी स्क्रीन

दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा करायची आमची पद्धत. हे होते तेव्हा पाटावर नटबोल्टचे पाने, पकडी, पेचकस, माझी विळी, कात्री, आणि दारात धुऊन पुसून उभी केलेली स्कूटर, असा सगळा थाट असायचा. हे गेल्यावर स्कूटर विकली. पाने-पकडी मोटर दुरुस्त करणाऱ्या भैयाला देऊन टाकल्या. यंदा पाटावर ठेवायला उरलं काय, तर विळी आणि लॅपटॉप.

लॅपटॉप मुलाचा जुना. तो हैदराबादला नोकरीला आहे, मागं घरी आला होता तेव्हा मला देऊन गेला. स्क्रीन पार मागं दुमडली की त्याची पाटी होते, आणि पाटी उभी धरली की अक्षरंही उभी होतात, असं तो म्हणाला; मी कधी दुमडून पाहिली नाही. त्यात त्यानं लिनक्स टाकलेलं. "आई, ये कभी हैंग नहीं होगा," असं छातीठोक सांगून गेला. मी त्यावर सकाळचा पेपर वाचते आणि संध्याकाळी नुसताच लावून ठेवते. घरात कुठंतरी काहीतरी हलत असलेलं बरं वाटतं.

तर मी त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. यांच्या स्कूटरवरचा छोटा गणपती मी विकताना काढून ठेवला होता, तोही बटणांच्या खालच्या मोकळ्या जागेत बसवला. म्हटलं, स्कूटर सांभाळली, आता हे सांभाळ. नंतर पेपर वाचायला गेले तर एक बटण चालेल तर शपथ! कडेचं आवाजाचं बटणही मुकं. लॅपटॉप जरा सरकवला तर अख्खी स्क्रीन आडवी झाली. मान वाकडी करून बातम्या वाचल्या आणि शेवटी मुलाला फोन लावला.

आमचं फोनवरचं बोलणं सांगते. दर रविवारी तो करायचा, पण चालता चालता. मधेच लिफ्ट वाजायची, गाडीचं दार लागायचं. "खाना खाया? दवा ली? और बाकी?" बाकी काय सांगणार? "बाकी सब ठीक." संपलं. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, हे लहानपणापासूनचं; हिंदी मुलखातच वाढला तो. त्याचं काही नाही. पण बोलायलाच काही नसायचं.

त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "रुको, लैपटॉप लेके बैठता हूँ." आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हल्दी अंदर गई क्या, आई?"

"मी काय वरण करून राहिली का त्याच्यात? बोटभर लावली वरून."

तो हसला. कितीतरी दिवसांनी मी त्याचं हसू ऐकलं.

मग रोज संध्याकाळी फोन. सांजवात झाली की मी टेबलाशी बसायची. तो एक काळी खिडकी उघडायला लावायचा आणि तिच्यात हुकूम टाइप करायला सांगायचा. बटणं बंद, म्हणून स्क्रीनवर उमटलेल्या अक्षरांवर बोट मारायचं. एक टिंब चुकलं की मशीन फटकन नाही म्हणायचं. "जळलं मेलं तुझं लिनक्स!" मी ओरडायची. तो म्हणायचा, "आई, प्यार से." मधेच कुकरची शिट्टी झाली की विचारायचा, "क्या बना?" मग झुणक्याची गोष्ट निघायची, झुणक्यावरून शाळेच्या डब्याची, डब्यावरून यांची. हे गेल्यापासून यांच्याविषयी आम्ही दोघं एवढं कधीच बोललो नव्हतो. मशीन चालू व्हायचं तेव्हा होईल, मला काही घाई नव्हती.

स्क्रीनचं कोडं असं निघालं की खाली कोणती बाजू आहे हे ओळखणारा एक भाग आत असतो, आणि त्याला आपली दिशा सांगावी लागते. मुलानं कुठूनतरी शोधून आकड्यांच्या तीन ओळी पाठवल्या. नुसते शून्य, एक आणि ऋण एक. मी बघितलं आणि म्हटलं, अगं बाई, ही तर मॅट्रिक्स! मुलींच्या शाळेत जन्मभर मी हेच शिकवलं. त्याच्या आकड्यांनी स्क्रीन आडवी होती ती उलटी झाली. मी कॅलेंडरच्या पाठीमागं आकृती काढली, हातानं लॅपटॉप फिरवून पाहिला आणि त्याला झाडलं, "काहून रे, ऋण एक खालच्या ओळीत काहून घातला? वर पायजे."

त्यानं वर घालून ओळी पुन्हा पाठवल्या, मी त्या टाइप केल्या. मशीन बंद करून पुन्हा लावलं.

"घूमा?"

मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून उभा केला. अक्षरं उभी झाली. आडवा केला, आडवी झाली. मी तो टेबलाभोवती फिरवत होते आणि मुलगा तिकडून ओरडत होता, "आई, तुमने कर दिया!" गणपतीही जागचा हलला नाही. त्या आनंदात तो पडला काहून नाही, हे मी पाहिलंच नाही.

आता फक्त बटणं राहिली. ती काही केल्या बोलेनात. त्यानं काय काय तपासलं, मला कळलं नाही. मशीनला वाटतं की स्क्रीन मागं दुमडलेली आहे, म्हणून ते बटणं बंद ठेवतं, इतकंच तो सांगायचा. काहून वाटतं, ते त्यालाही कळेना. दिवाळीला सुट्टी नाही, येणं जमणार नाही, असंही त्यानं याच बोलण्यात सांगितलं. "हव," म्हटलं. बहीण विचारते, एकटी कशी राहतेस, तर तिला मी ऐकवते, मले काय धाड भरली!

दिवाळीची साफसफाई काढली. हळदकुंकवाचे डाग पुसायचे म्हणून गणपती उचलला, तर तो येईना. ओढल्यावर टक्‌ करून सुटला. स्कूटरच्या पत्र्याला चिकटायचा तो, चुंबकाचा! मी बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षर उमटलं. गणपती परत ठेवला, सगळी बटणं बंद. उचलला, चालू. लॅपटॉपच्या पोटातही चुंबकावर चालणारं काही असणार, आणि बाप्पानं त्याला सांगून ठेवलं होतं की स्क्रीन मागं दुमडलेली आहे.

आधी पोट धरून हसले. मग हसता हसताच कळलं की आता संध्याकाळी फोन कशाला येईल?

गणपती कितीतरी वेळ हातात धरून बसले. परत ठेवावा आणि गप्प राहावं, असं मनात आलंच. पण वर्गात कॉपी करणाऱ्या पोट्टीला मी कधी सोडलं नाही. संध्याकाळी फोन आला, खुर्ची ओढली गेली, तो उत्साहात म्हणाला, "आई, आज एक नई चीज़ मिली है." मी सगळं सांगून टाकलं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"चलो, हो गया फिर काम," तो म्हणाला.

"हव. झालं."

"और बाकी?"

"बाकी सब ठीक."

दुसऱ्या दिवशी सांजवात केली आणि सवयीनं टेबलाशी जाऊन बसले. सगळी बटणं चालत होती. काय लिहावं सुचेना. बाहेर पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं फटाके उडवत होती. कुकर लावला नव्हता, एकीसाठी सकाळचाच भात होता. फोन वाजला नाही. पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी मला इतकं भरून आलं की मी फोन उचलला आणि मीच लावला. कारण काही नव्हतं. कारणाशिवाय मी त्याला कधी फोन केलाच नव्हता.

त्याच्या मागं रस्त्याचा आवाज होता. "क्या हुआ आई? फिर बिगड़ा क्या?"

"नाही रे. तो चांगला आहे." तोंडावर आलं होतं, मले काय धाड भरली. ते गिळलं. "मले करमून नाही राहिलं, बाबू. तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठते."

तिकडे दार लागलं, रस्त्याचा आवाज थांबला, आणि खुर्ची ओढली गेली.

"हां आई," तो म्हणाला. "बोलो. बैठ गया मैं."