सात भाकरी आणि मिसरच्या देवाचा डोळा

मी केनवडच्या शाळेत चौथीत होते. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी विचारलं, "सात भाकरी आठ जणांत सारख्या वाटल्या, तर एकेकाला किती?"

सगळ्यांच्या पेन्सिली पाटीवर करकरू लागल्या. मी पाटीला हातच लावला नाही. आमचा भाजीचा मळा होता आणि वांगी तोडायला येणाऱ्या बायांना माय रोज भाकरी वाटायची. तिचे हात डोळ्यांपुढे आणून मी म्हणाले, "अर्धी, पाव आन् अर्धपाव."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी 'सात अष्टमांश' असं शिकवलं होतं.

"कसं ते फळ्यावर दाखव," साहेब म्हणाले.

मी सात गोल काढले. "चार भाकरी अर्ध्या मोडल्या, सगळ्यायले अर्धी अर्धी भेटली. दोन भाकरीचे चार चार तुकडे, म्हंजे पाव पाव. राह्यली एक, तिचे आठ."

साहेब खुर्चीवरून उठले. हजारो वर्षांमागे मिसर देशातले, म्हणजे इजिप्तमधले, कारकून असंच लिहायचे, ते म्हणाले. एकाच वस्तूचा निम्मा, चौथा, आठवा भाग, आणि त्यांची बेरीज. मग त्यांनी फळ्यावर एक डोळा काढला. तो मिसरच्या एका देवाचा, भांडणात फुटलेला. त्याच्या सहा तुकड्यांना अर्ध्यापासून चौसष्टाव्या भागापर्यंत मोल होतं. सगळे जोडले तरी चौसष्टावा एक भाग कमी पडायचा. तो म्हणे विद्येच्या देवाने मंत्राने भरला.

घरी येऊन मी सांगितलं, "माय, तू मिसरच्या लोकायवानी भाकर वाटतं."

"त्यायच्यात बी ज्वारी होते का वो?" तिने विचारलं.

चौथीनंतर माझी शाळा बंद करायचं बाबांनी ठरवलं होतं. दोन दिवसांनी मास्तर मळ्यात आले आणि त्यांनी घडलेलं सगळं बाबांना सांगितलं. माय म्हणाली, "माह्या हातचा हिशोब साहेबाले पटला. पोरगीले काहून घरी बसोता?"

बाबांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि ते हसले. "जाऊ दे तिले."

जूनमध्ये मी वाशिमला मामांकडे राहून पाचवीत बसले. माय भाजी घेऊन बाजाराला आली की शाळेच्या फाटकाशी थांबायची. मी धावत जायचे आणि आम्ही दोघी कडुलिंबाखाली बसून पोटभर बोलायचो.