पाळण्यातला वरवंटा

सासऱ्यांनी वसई पूर्वेला फ्लॅट घेतला तो एकाच कारणासाठी. सुरुंगापासून लांब जायचं होतं. चांदीपचं आमचं कौलारू घर डोंगराच्या पायथ्याशी, खडकावर बसलेलं, आणि मागे दगडाची खाण. दुपारी बाराला भोंगा व्हायचा, मग सुरुंग. धाडकन एक धक्का, कौलं खणखणायची, की संपलं. मला दिवस गेले आणि सासऱ्यांनी त्या आवाजाचा धसकाच घेतला. "माझं नातवंड या धडधडाटात वाढणार नाही," म्हणाले. नव्वदच्या दशकात सगळे जिकडे चालले होते तिकडेच, एव्हरशाईन सिटीच्याही पुढे, एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी आम्हाला नेऊन बसवलं. पूर्वी तिथे मिठागर होतं. चिखलावर मुरूम टाकून जमीन केलेली. डोंगर खिडकीतून दिसायचा, तोही हवा स्वच्छ असली तर.

पहिल्याच दुपारी हंड्यातलं पाणी हललं. आवाज जवळजवळ नाहीच. आधी पायाखाली हलकीशी टिचकी, आणि मग सगळी खोली सावकाश डुलायला लागली. बंद पंखा हलत होता. मी किंचाळले. सासरे म्हणाले, "ट्रक गेला असेल."

तिसऱ्या मजल्यावर! ट्रक काय जिन्याने जातो?

"बाबा, हा सुरुंगच आहे."

"एवढ्या लांब? काहीतरीच."

रोज बाराला ट्रक जात राहिला. नव्या घराला नावं ठेवायची कोणाची टाप होती?

मुलगी झाली. बारशाला पाळणा हॉलमध्ये, स्लॅबच्या कडीला टांगला. जेवणाआधी उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई, त्यात बाळ भुकेने रडत होतं. नवरा म्हणाला, "ते वरवंट्याचं राहू द्या ना, तिलाच घाला एकदाची." सासऱ्यांनीही मान डोलावली. तशी चांदीपहून आलेली त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, कडाडल्या, "थांब रं! आधी वरवंटा. पोरीला कोनी पयलीच पालन्यात घालतं काय?"

म्हणून पाट्यावरच्या वरवंट्याला तेल लावून कुंची घातली. बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात दिला आणि आत निजवला. मी बाळाला छातीशी धरून शेजारीच उभी होते. आता तिची पाळी.

तेवढ्यात पायाखाली टिचकी लागली.

पाळणा आपोआप झुलू लागला. कोणाचाच हात लागला नव्हता. एकीने हात जोडले, "बघा, देवच झोका देतोय." मग वर काहीतरी करकरलं, गिलाव्याचा पापुद्रा सुटला, आणि कडीसकट पाळणा खाली आला. वरवंटा उडून लादीवर आपटला आणि लादीचा चुरा झाला.

बाळ रडायचं थांबलं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. बाळाच्या कुंचीत हात घालून मी तिचं डोकं चाचपत राहिले.

सासरे खाली बसले. लादीत पडलेल्या खळग्यावर त्यांनी पंजा ठेवला, मग उठून तोच पंजा नातीच्या डोक्यावर ठेवला. माप एकच होतं. "सामान बांधा," एवढंच म्हणाले.

पुढे सोसायटीने आणलेल्या इंजिनीअरने समजावलं. खडकातून धक्का झर्रकन निघून जातो. गाळात शिरला की त्याची लाट मंदावते, मंदावली की फुगते, आणि बराच वेळ घोटाळत राहते. त्या रोजच्या डुलण्याने कडी सैल झालेली. मला तर ऐकता ऐकता खरवसच आठवला. ताटाला टिचकी मारा, ताट वाजून गप्प होतं आणि खरवस थरथरत बसतो. आम्ही खरवसावर बिऱ्हाड थाटलं होतं, तेही लेकरू जपायला!

ज्या सुरुंगापासून पळालो त्याच्याच दारात मुलगी वाढली. चांदीपच्या घरी तुळईला पाळणा बांधला. दुपारी धाडकन व्हायचं, कौलं खणखणायची, तिची झोपही मोडायची नाही.

तरी रोज भोंगा झाला की मी तिला उचलून घ्यायचे आणि पाळण्यात वरवंटा ठेवायचे. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. सासरे मात्र हसायचे नाहीत. कधी मी कामात असले, तर भोंग्याआधीच ते वरवंटा घेऊन पाळण्यापाशी उभे असायचे.