पळसाला पांघरूण

त्या वर्षी शिमगा आला तरी थंडी हलेना आणि रानातला पळस काळ्या कळ्या मिटून बसला. मी भिसेगावची नवी, महाविद्वान सून! पहिल्या रंगपंचमीला नवऱ्याला पळसाच्या रंगात भिजवणार, असं माहेरी मिरवून आले होते. आणि फुलवाल्या म्हातारीची पाटी रिकामी.

"फुलं नाय गं सूनबाई," काखेत हात खुपसून ती म्हणाली. "झाड काकडलंय. कायतरी पांघराया घाल त्याला."

मी लगेच लग्नातली शाल बुंध्याला गुंडाळून आले. रंगपंचमीला नवरा कोरडाच राहिला. शाल मात्र म्हातारीच्या खांद्यावर दिसली.

"अगं, ही माझी शाल!"

"झाडाला ऊब आली गं," ती म्हणाली, "मंग त्यानं मला दिली."

इतकं दानशूर झाड मी पुन्हा पाहिलं नाही.