जंतूंची बोली

आंबलेल्या यीस्टचा वास आला की नांदेडच्या प्रयोगशाळेतली एक दुपार आठवते. पोटातले जिवाणू बनवतात त्या रसायनांचा स्किझोफ्रेनियाशी काही संबंध आहे का, हे मी तेव्हा शोधत होते. देगलूरहून धाकटा भाऊ आला होता. त्याला कुणी नसताना आवाज ऐकू यायचे आणि गोळ्या त्यानं सोडल्या होत्या; पाकीट मी माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं. यीस्टच्या अर्कात जिवाणू वाढवायला ठेवलेल्या, यंत्रावर संथ डोलणाऱ्या पिवळसर फ्लास्कांकडे तो हरवल्यासारखा बघत राहिला. "ताई, हे जंतू बी बोलतेत का गं?" "हाव, रसायनांनी." "मग मला ऐकू येतेत ते खरे हायेत?" असं त्यानं कधीच विचारलं नव्हतं. "ऐकू येतंय ते खरं, पण तिथं कुणी न्हाई." त्यानं हळूच हात पुढं केला, "दे गोळी." आवाज अजूनही कधीकधी येतात, तेव्हा तो फोन लावून म्हणतो, "ताई, तू बोलत राहा."