गुडनीची शिट्टी

बोटीवर शिट्टी मारायची नाही, हा नियम पाळण्यात नॉर्वेच्या अख्ख्या लोफोटेन बेटांवर तांडेल हालवारइतका कडवा माणूस नाही. शिट्टीने वारा उठतो असं त्याचा बाप सांगे, आणि हालवारच्या लेखी बापाचा शब्द हवामानखात्याच्या वरचा. म्हणून त्या जानेवारीत भर कामात शिट्टी ऐकू आली, तेव्हा तो सुकाणू सोडून तरातरा बाहेर आला.

"कुणाच्या अंगात आलंय?"

अंगात गुडनीच्या आलं होतं. कठड्याशी उभी राहून ती गळाला लागून वर येणाऱ्या कॉड माशाला आकडा घालत होती.

"मी? मी नाही बाई मारली," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती.

गुडनी सत्तेचाळीस वर्षांची. अठ्ठावीस हिवाळे समुद्रावर काढलेले. तीन वर्षांपूर्वी मधुमेह झाला, रोज इन्सुलिनच्या चार सुया आल्या. समुद्रावर जायचा दाखला दर वर्षी डॉक्टरीणबाईंकडून नवा करून घ्यावा लागे. आता किनाऱ्यावर बस की, असं शेजारणी म्हणत. गुडनीने शेजारणींना कधी भीक घातली नाही.

आठवड्याने ती पुन्हा शिट्टी मारू लागली. या वेळी शेजारी मासे साफ करणारा टूरे तिच्याकडे नीट बघत होता. चेहरा पांढराफटक, आकडा नुसता हवेत, ओठांवर शाळेतलं गाणं. त्याने तिला खाली बसवलं, तिचं बोट टोचून पाहिलं. रक्तातली साखर पार तळाला गेली होती. गोड सरबत पोटात गेल्यावर दहा मिनिटांनी ती माणसात आली. शिट्टी मारल्याचं तिला काहीच आठवत नव्हतं.

पूर्वी साखर उतरली की तिचे हात थरथरत, घाम फुटे. आता शरीराने सांगणंच सोडलं होतं. आणि दाखल्याच्या वेळी डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न तोच विचारत: उतरताना तुला कळतं ना?

"हो म्हणून टाक," टूरे म्हणाला. "आम्ही आहोत ना शिट्टी ऐकायला."

"आणि वाऱ्यात नाही ऐकू आली तर? आकडा माझ्या हातात असतो, टूरे. आणि शेजारी तुझं डोकं."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे," हालवार कुरकुरला. "तुझ्यासारखा हात मी आणू कुठून?"

"या हंगामापुरता आणा कुठून तरी, तांडेल. माझी जागा मात्र कुणाला देऊन टाकू नका."

तिने खरं ते सांगितलं आणि दाखला गेला. "साखर जरा वरच ठेव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही महिने एकदाही खाली जाऊ द्यायची नाही. मग शरीर पुन्हा सांगायला शिकतं. बऱ्याच जणांचं शिकतं."

"माझं शिकेल," गुडनी म्हणाली. जणू शरीर तिच्या हाताखालचा नोकर होता.

तो हंगाम तिने धक्क्यावरच्या शेडमध्ये गळांना आमिष म्हणून हेरिंग माशाचे तुकडे लावत काढला. बोटी सुटायच्या वेळी ती दाराकडे पाठ करून बसे. फार वाईट वाटे तिला. एकदा रडलीसुद्धा, आणि डोळे पुसून पुढचा गळ उचलला. दंडावर साखर मोजणारं यंत्र बसवलं, खाण्याच्या वेळा घड्याळाला बांधल्या, आणि खरोखरच काही महिने एकदाही साखर खाली जाऊ दिली नाही. मग सप्टेंबरात बटाटे सोलताना साखर जराशी उतरली आणि तिचे हात थरथरले. हात कापतात म्हणून इतकी खूश झालेली बाई त्या गावाने पाहिली नव्हती.

दाखला मिळाला. जानेवारीत दोर सोडायच्या आधी हालवारने सगळ्यांना गोळा केलं. "शिट्टी सगळ्यांना बंद. गुडनीला माफ. ती ऐकू आली की गळांची दोरी ओढणं थांबवायचं, मग गळाला खुद्द देव का लागलेला असेना."

हे बोलताना त्याला किती यातना झाल्या, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात मासा तुटून पडला होता. प्रत्येक गळाला एक. टूरेला मान वर करायची सवड नव्हती. गुडनीने आकडा खाली ठेवला आणि हात वर केला.

"थांबा."

दोरी थांबली. हालवार बाहेर आला. "शिट्टी तर ऐकली नाही कुणी."

"मारलीच नाही. हात कापायला लागले. ओठही जुळत होते, तेवढ्यात कळलं."

तेव्हा कुठे तिच्या दंडावरचं यंत्र वाजलं.

"आता उठलंय हे," हालवार म्हणाला आणि सरबताचा पेला त्याने स्वतः भरून दिला. गुडनी ते सावकाश प्यायली. पाण्यातून अर्धवट वर आलेला मासा तसाच लोंबकळत होता. साखर वर येईपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग आकडा उचलला.

"चला, ओढा."