शेपूट आलं म्हणजे सगळे आले

ग्रुपवर त्याचं नाव शेपूट. ते त्याने स्वतःच घेतलेलं. डोंगर चढणाऱ्यांचा हा फोनवरचा ग्रुप. कुठली वाट ढासळली, कुठे पाणी आटलं, कोणते बूट फसवे निघाले, असलं सगळं त्यावर चालतं. सुट्टीच्या दिवशी ज्यांना जमेल ते एकत्र निघतात. रांगेत सगळ्यात शेवटी चालायचं काम कोणालाच नको असतं. सावकाश चालणाऱ्याच्याही मागे राहायचं, त्याचं रडगाणं ऐकायचं, आणि वर पोहोचेपर्यंत बाकीच्यांचं खाऊन झालेलं असतं. ते काम त्याने मागून घेतलं होतं. धंद्याने प्लंबर.

माझं आयुष्य ओतशाळेत, वितळलेलं लोखंड साच्यात ओतण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर मुलीने मला या ग्रुपात घातलं, घरात येरझाऱ्या घालू नका म्हणून. मी पहिल्याच दिवशी लिहिलं की उतरताना पायाची बोटं ठेचतात, मोठे बूट घेऊ का? जो तो आपापलं दुकान सांगू लागला. शेपटाने विचारलं, "नखं कापता का?" मग लिहिलं, "उतार लागण्याआधी बसा. टाच मागे ठोका. नाडी घोट्यापाशी आवळा, पंजावर सैल ठेवा. बूट तेच चालतील."

चालले.

वर्षभर मी एकटाच जवळची टेकडी चढायचो; आम्ही असेच बोललो, तोंड न पाहता. भेटलो तेव्हा तो म्हणाला, "लिहिण्यावरून वाटलं होतं, चांगले दांडगे असाल."

"आणि मला वाटलं, तुम्हाला तोंडच नसेल."

"घरात बायको आहे. मला कशाला लागतं?"

मी भट्टीवरचा माणूस, जोर लावायची सवय. तो मागून म्हणायचा, "ओतारी, बोलता येतंय का? नाही ना? मग पाऊल लहान करा." दमलेल्याची पिशवी तो कधी घ्यायचा नाही. म्हणायचा, "ओझं घेतलं तर माणूस आज वर येईल, पुढच्या वेळी येणार नाही. आपण थांबायचं." थांबणं सोपं नसतं. अंग थंड पडतं, ते पुन्हा तापवावं लागतं. शिवाय कपाळावर आठी दिसता कामा नये.

निघताना माणसं मोजायची, उतरल्यावर पुन्हा मोजायची, हा ग्रुपचा नियम. दुसरी मोजणी आम्ही कधीच सोडून दिली होती. शेपूट आलं म्हणजे सगळे आले. तो शेवटच्या वळणावर दिसला की ड्रायव्हर गाडी सुरू करायचा.

त्या दिवशीही त्याने केली. शेपूट मागच्या सीटवर बसला, बूट सैल केले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि पोस्टमनचा फोन वाजला. ग्रुप तोच चालवतो. फोन शाळेतल्या बाईंचा होता.

"अहो, मी अजून वरच आहे."

पोस्टमन हसला. "बाई, मागच्या सीटवरून फोन करताय होय?" मग त्याने वळून पाहिलं, आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला.

बाई बुटातला खडा काढायला थांबल्या होत्या. शेपूट नेहमीसारखा शेजारी उभा. त्यांनी मान वर केली तर तो नाही. वळणापलीकडे असेल म्हणून घाईने निघाल्या, फाट्यावर चुकल्या आणि कोरड्या ओढ्यात पडल्या. मनगट मोडलं. आम्ही परत वर चढलो तेव्हा अंधारून येत होतं. शेपूट माझी बाही धरून विचारत होता, "बाई आज आल्या होत्या का?"

मला राग आला. वाटलं, अंग झटकतोय. मग टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. तो खरंच विचारत होता.

ग्रुपवर भांडणं जुंपली. कोणी बाईंना बोललं, कोणी त्याला. शेवटी त्याने लिहिलं, "बाईंची चूक नाही. मी थांबलो होतो, कशासाठी थांबलो ते विसरलो. यापुढे मोजत जा. माझ्यावर विसंबू नका."

मी त्याच्या घरी गेलो. वहिनींना आधीपासून ठाऊक होतं. एका घरात त्याने पाणी बंद न करताच जोड उघडला होता. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार. "काम सुटलं," वहिनी म्हणाल्या. "एवढं तरी राहू दे म्हणाले. मी गप्प बसले."

त्याला ग्रुपातून काढा, असंही कोणी लिहिलं. प्लॅस्टरमधल्या बाईंनी डाव्या हाताने उत्तर दिलं, "मनगट माझं मोडलंय, तुमचं नाही. ते राहतील."

तो राहिला. डोंगरावर येईनासा झाला, पण नवख्यांना नाडीची गाठ समजावून सांगायचा. पुढे उत्तरं कमी झाली. तेच तेच विचारू लागला. मग ग्रुपवरचे डोंगराचे फोटो उघडून बसू लागला. जुना फोटोही त्याला आजचाच वाटायचा. सगळे निघाले असं समजून बूट घालून घराबाहेर पडायचा. एकदा भर रहदारीत, रस्त्याच्या मधोमध सापडला. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि हा हलेना. शेजाऱ्याने ओढून आणलं.

"भावोजी, तुम्हीच काढा त्यांना त्या ग्रुपातून," वहिनी मला म्हणाल्या. "मला फोनमधलं कळत नाही. मी बूट लपवते, तर हे अनवाणी निघतात."

मी म्हटलं, "वहिनी, दुसरं काय उरलंय त्याला?"

"मी उरलेय," त्या म्हणाल्या. "मला ते जिवंत हवेत."

तो खिडकीपाशी बसला होता. मी फोन मागितला. त्याने लगेच दिला. "बघा, पाण्याची काही खबर आहे का."

मी आधी फोटो पुसले. बरेच होते, वेळ लागला. मग ग्रुपातून त्याला बाहेर काढलं. लगेच माझ्या खिशातला फोन वाजला. पोस्टमनचा मेसेज होता : शेपूट कसं गेलं? कोणी काढलं? मी लिहिलं, "मी. वहिनींनी सांगितलं." नंतर बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं.

मी त्याचा फोन त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"आज कोणी काही लिहिलं नाही वाटतं."

"नाही," मी म्हणालो.